ती मुलगी आज कुठे आहे?



मी पंधरा वर्षं एक वेगळंच काम केलं. परदेशी ब्रँडच्या वतीने मी आपल्याकडच्या कारखान्यांत जायचे आणि तिथल्या कामगारांना कसं वागवलं जातं ते तपासायचे. या कामाला 'सोशल ऑडिट' म्हणतात. हिशोबाचा ऑडिटर खातेवह्या बघतो. मी हजेरीपट बघायचे, पगाराच्या स्लिपा बघायचे, आग लागली तर बाहेर पडायचा दरवाजा कुलूपबंद तर नाही ना, ते बघायचे. आणि कुठे लहान मूल कामाला आहे का, ते बघायचे.

आज मला एका मुलीबद्दल बोलायचं आहे. तिचं नाव मला माहीत आहे, पण ते सांगणार नाही. कारखान्याचंही नाही.

दक्षिणेतलं एक शहर. कपड्यांचा कारखाना. शिवून झालेल्या टी-शर्टांचे लोंबणारे धागे कात्रीने कापायचं एक टेबल असतं. त्या टेबलावर ती बसली होती. तिच्या फायलीत वयाचा दाखला होता, त्यावर वय १८. आम्हा ऑडिटर लोकांची एक सवय असते. आम्ही वय विचारतच नाही, कारण त्याचं उत्तर पाठ करून घेतलेलं असतं. आम्ही विचारतो, शाळा कितवीत सोडलीस? सोडून किती दिवाळ्या झाल्या? धाकटा भाऊ कितवीत आहे, तो तुझ्यापेक्षा केवढा लहान? तिने सगळ्याची खरी उत्तरं दिली. तिला या प्रश्नांतली मेख माहीत नव्हती. मी मनात बेरीज केली. १३ वर्षं.

जाताना तिने मला विचारलं, "अक्का, मी नीट सांगितलं ना?"

मी अहवालात लिहिलं, 'बालमजूर आढळला. गंभीर त्रुटी.' लाल रंगाचा शेरा. ब्रँडने कारखान्याला कडक पत्र पाठवलं. सहा महिन्यांनी मी फेरतपासणीला गेले, तर ते टेबल स्वच्छ. सगळे मोठे कामगार, सगळ्यांची कागदपत्रं चोख. मी मॅनेजरला विचारलं, "ती मुलगी?" ते म्हणाले, "मॅडम, तुम्हीच सांगितलंत ना? त्याच दिवशी काढून टाकली."

मी हिरवा शेरा दिला. त्रुटी दूर झाली, फाइल बंद.

बाहेर पडताना एका कामगार बाईने मला हळूच सांगितलं. ती मुलगी दोन गल्ल्या पलीकडे एका पत्र्याच्या शेडमध्ये बसते. तेच धागे कापते. याच कारखान्याचा माल, कारण काम अंगावर आलं की इथला माल तिकडे जातो. फक्त आता पगार महिन्याचा नाही, नगावर मिळतो. आणि तिथे पंखा नाही.

म्हणजे मी काय केलं होतं? एका मुलीला उजेडातून उचलून अंधारात ठेवलं होतं. आणि त्याचे पैसे घेतले होते.

त्या दिवसापासून मला एक प्रश्न पडला. 'आमच्या पुरवठा साखळीत बालमजुरी चालणार नाही' असं कंपनी म्हणते, तेव्हा ती नक्की कोणाला वाचवत असते? मुलाला, की स्वतःच्या नावाला?

हा प्रश्न नवा नाही. आपल्या शेजारी बांगलादेशात तो १९९३ साली फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला होता. अमेरिकेच्या सिनेटमध्ये टॉम हार्किन यांनी एक विधेयक आणलं होतं. मुलांच्या हातून बनलेला माल अमेरिकेत येऊ द्यायचा नाही, असं ते विधेयक. हेतू चांगलाच होता. ते मंजूर कधीच झालं नाही, पण नुसत्या भीतीने ढाक्याच्या कारखानदारांनी मुलांना कामावरून काढून टाकलं. युनिसेफच्या अंदाजानुसार सुमारे ५०,००० मुलं.

ती मुलं शाळेत गेली असतील, असं आपल्याला वाटेल. युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची माणसं त्यांचा माग काढायला गेली, तेव्हा बरीच मुलं खडी फोडताना सापडली, रस्त्यावर काहीबाही विकताना सापडली. जे सुटलं होतं त्यापेक्षा जास्त धोक्याचं आणि कमी पैशांचं काम त्यांच्या वाट्याला आलं होतं.

पण गोष्ट इथे संपली नाही, म्हणून मी ती सांगतेय. ४ जुलै १९९५ रोजी बांगलादेशच्या कपडे निर्यातदारांची संघटना, युनिसेफ आणि श्रम संघटना यांनी एक करार केला. त्यातली कलमं अगदी साधी होती. १४ वर्षांखालचं नवीन मूल कामावर घ्यायचं नाही. जी मुलं आहेत त्यांना शाळेत जागा मिळेपर्यंत काढायचं नाही. शाळेत गेल्यावर बुडालेल्या मजुरीपोटी दरमहा विद्यावेतन द्यायचं, ते ३०० टका ठरलं. आणि मुलाच्या रिकाम्या झालेल्या जागेवर शक्यतो त्याच्याच घरातल्या मोठ्या माणसाला काम द्यायचं.

पहिल्या वेळी फक्त दार बंद केलं होतं. दुसऱ्या वेळी, मूल दाराबाहेर पडल्यावर कुठे जाईल याचा विचार केला होता. तो करार काही परिपूर्ण नव्हता. विद्यावेतन मजुरीपेक्षा कमी होतं, आणि सगळ्या मुलांपर्यंत तो पोहोचलाही नाही. पण आज जगात याला जो शब्द वापरतात, 'रेमेडिएशन', म्हणजे झालेल्या नुकसानीची भरपाई करून माणूस पुन्हा उभा करणं, त्याचा कित्ता तिथे गिरवला गेला.

मी हा कित्ता स्वतः गिरवायला शिकले ते बऱ्याच वर्षांनी. दिल्लीच्या कडेला भरतकामाचं एक छोटं युनिट होतं. तिथे बिहारमधून आलेला बारा वर्षांचा एक मुलगा सापडला. या वेळी मी ब्रँडला अहवाल पाठवण्याआधी फोन केला. म्हटलं, "ऑर्डर थांबवू नका. युनिटच्या मालकाला घाबरवू नका, नाहीतर मुलगा आज रात्रीच्या गाडीत बसेल आणि परत सापडणार नाही." आम्ही बाल कल्याण समितीला कळवलं. एक स्थानिक संस्था मुलाबरोबर त्याच्या गावी गेली. ब्रँड आणि युनिट मिळून घरी दरमहा पैसे पाठवतील, मुलगा शाळेत जाईल आणि संस्था हजेरी बघत राहील, असं ठरलं.

त्या वेळी दोन माणसांनी विचारलेले दोन प्रश्न माझ्या लक्षात राहिले. ब्रँडच्या अकाउंट्समधल्या माणसाने विचारलं, "हा खर्च कुठल्या हेडखाली टाकू?" त्यांच्याकडे ऑडिटसाठी हेड होतं, जाहिरातीसाठी होतं, मुलासाठी नव्हतं. आणि मुलाच्या वडिलांनी विचारलं, "पैसे मध्येच बंद झाले तर?" हा प्रश्न अगदी रास्त होता. मोठ्या कंपन्यांचे कार्यक्रम साहेब बदलला की बंद पडतात, हे त्या माणसाला कोणी शिकवायची गरज नव्हती.

तो मुलगा मधे एकदा शाळा सोडून परत कामाला गेला. पुन्हा आणला. दहावी झाला. मला हे सांगताना फार अभिमान वाटत नाही, कारण एका मुलासाठी चार वर्षं, तीन संस्था आणि असंख्य फोन लागले. पण एवढं लागतंच. त्याला कमी खर्चाची पर्यायी वाट नाही.

आता दुसरी अडचण. मूल सापडलं तर काय करायचं ते कळलं. पण मूल सापडतच नसेल तर?

आपण ज्याला पुरवठा साखळी म्हणतो, तिची पहिली कडी ऑडिटरला दिसते. ब्रँडला माल देणारा कारखाना, त्याला 'टियर वन' म्हणतात. तिथे बोर्ड असतो, रिसेप्शन असतं, चहा मिळतो. त्याच्यामागे कापड विणणारे, त्यामागे सूतगिरण्या, त्यामागे कापूस, त्यामागे कापसाचं बियाणं. मूल शेवटच्या कडीवर असतं आणि ऑडिट पहिल्या कडीवर. युनिसेफ आणि श्रम संघटनेच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगात सुमारे १३ कोटी ८० लाख मुलं बालमजुरीत आहेत, आणि त्यातली ६१ टक्के शेतीत आहेत. शेताला गेट नसतं.

शेतच कशाला, जंगलाचं बघा. झारखंडमधले कोडरमा आणि गिरिडीह, बिहारमधला नवादा, हा अभ्रकाचा पट्टा. गाडीच्या रंगातली चमक, आयशॅडो आणि लिपस्टिकमधली चमक अभ्रकाची असते. तिथल्या बऱ्याच खाणी १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर बंद पडत गेल्या. म्हणजे कागदावर बंद पडल्या. लोक जुन्या खड्ड्यांत उतरून अभ्रकाचे तुकडे वेचत राहिले. त्याला तिथे 'ढिबरा' म्हणतात. मूल लहान असतं, अरुंद बिळात शिरू शकतं, म्हणून मुलं उतरतात. तो ढिबरा गावातला व्यापारी घेतो, त्याच्याकडून मोठा व्यापारी, त्याच्याकडून निर्यातदार. आणि कुठेतरी वाटेत त्याला अधिकृत खाणीचा कागद चिकटतो.

२०१६ साली थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनच्या पत्रकारांनी शोध घेतला, तेव्हा अवघ्या दोन महिन्यांत किमान सात मुलं या खड्ड्यांत दगावल्याचं समोर आलं. त्यांच्या मृत्यूची तक्रारही होत नव्हती, कारण खाणच बेकायदेशीर. तक्रार केली तर उरलेल्यांची रोजी जाईल.

यावर कंपन्यांपुढे दोन रस्ते होते. एक, इथून अभ्रक घेणं बंद करायचं, कारखान्यात बनवलेलं कृत्रिम अभ्रक वापरायचं. काहींनी तसं केलं. त्यांचा माल स्वच्छ झाला. गाव होतं तसंच राहिलं, फक्त एक गिऱ्हाईक कमी झालं. दुसरा रस्ता, इथेच थांबायचं आणि एकत्र येऊन परिस्थिती बदलायची. २०१७ साली 'रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह' नावाने कंपन्या आणि संस्था एकत्र आल्या त्या यासाठी. गावात शाळा चालू राहील, रेशन आणि सरकारी योजना पोहोचतील, अभ्रक कुठून आलं त्याची नोंद राहील आणि वेचणाऱ्या मोठ्या माणसाला बरा भाव मिळेल, असं ते काम आहे. हा रस्ता लांबचा आहे, आणि तो पूर्ण झाला असं कोणी म्हणू नये. पण संयुक्त राष्ट्रांनी २०११ साली व्यवसाय आणि मानवी हक्कांची जी मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली, प्राध्यापक जॉन रगी यांनी तयार केलेली, त्यांतही हेच बजावलेलं आहे. पुरवठादाराला सोडून जाण्याआधी, आपल्या जाण्याने माणसांवर काय परिणाम होईल याचा विचार करा.

शेवटच्या कडीपर्यंत पोहोचता येतं, याचा दाखला आपल्याच देशात आहे. भदोही-मिर्झापूरचे गालिचे. माग गावोगावी, घराघरांत. १९९४ साली कैलाश सत्यार्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने 'रगमार्क' नावाचं लेबल सुरू झालं, आज त्याचं नाव 'गुडवीव्ह' आहे. लेबल हवं असेल तर निर्यातदाराने आपले सगळे माग दाखवायचे, घरातलेसुद्धा. तपासनीस न सांगता येणार. प्रत्येक लेबलवर नंबर, म्हणजे गालिच्याचा माग काढता येतो. आणि परदेशातल्या कंपन्या परवान्याची जी फी देतात, त्यातून मुलांच्या शिक्षणाचं काम चालतं. तपासणी आणि शाळा या दोन्ही गोष्टी एकाच हिशोबात आल्या, हे मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आता तिसरी अडचण. ही सगळ्यात अवघड आहे, आणि ती मराठी माणसाच्या घरातली आहे.

तुम्ही बंगळुरूत असा, इंदुरात असा, बडोद्यात असा, तुमच्या चहात साखर असतेच. थंड पेयांत असते. ती साखर उसाची, आणि ऊस तोडतो कोण? दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीडमधून, जालन्यातून, नगरच्या दुष्काळी तालुक्यांतून माणसं निघतात. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूरला जातात, सीमा ओलांडून कर्नाटकात जातात. पाच-सहा महिने कोपीत राहतात.

या धंद्यात मजुराला मजूर म्हणत नाहीत, 'कोयता' म्हणतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम हंगामाआधी जोडीला उचल देतो, लाखाच्या घरात. ती फिटेपर्यंत तोड करायची. एक दिवस खाडा झाला तर दंड कापला जातो. मजुरी टनावर. २०२४ च्या जानेवारीत मोठ्या वाटाघाटींनंतर हा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला. एका जोडीने दिवसभरात दोन टन ऊस तोडला असं धरू. ७३२ रुपये. दोघांचे मिळून. त्यात पहाटेपासून तोडणं, मोळ्या बांधणं, डोक्यावरून वाहून गाडी भरणं आलं. आणि हातात येणारे पैसे आधी उचलीत वळते होतात.

आता या हिशोबात मूल कुठे आहे ते बघा. टनावर मजुरी असेल, तर पाचट काढायला, मोळी ओढायला दोन लहान हात लागले की अर्धा टन वाढतो. थोरली मुलगी असेल तर ती कोपीवर धाकट्याला सांभाळते, म्हणजे आईला दिवसभर तोडता येतं. आणि एकक जोडीचं असल्यामुळे, मुलाचं लग्न झालं की घरात एक कोयता वाढतो, एक उचल वाढते. मुलींची लग्नं लवकर होण्यामागे गरिबी आहे, मागे गावात मुलगी एकटी ठेवायची भीती आहे, आणि हे गणितही आहे. ज्या बाईला खाडा परवडत नाही तिच्या शरीराचं काय होतं, तेही आपल्यासमोर आहे. बीड जिल्ह्यात सरकारने नेमलेल्या समितीने २०१९ साली ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं.

२०२४ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट यांनी हे सगळं जगापुढे मांडलं. महाराष्ट्रातल्या साखरेच्या गिऱ्हाइकांत कोका-कोला आणि पेप्सिको यांची नावं होती. या कंपन्यांच्या पुरवठादारांसाठीच्या आचारसंहिता इंटरनेटवर आहेत, कोणीही वाचाव्यात. त्यांत बालमजुरी नाही, वेठबिगारी नाही, असं स्वच्छ लिहिलेलं आहे. कारखान्याला विचारा, कारखाना म्हणतो, तोडणी मजूर आमचे नोकर नाहीत, मुकादमाचे आहेत. मुकादमाला विचारा, तो म्हणतो, मी पण उचलीवरच आहे. प्रत्येकाच्या हातात कागद आहे आणि मूल कोणाच्याच हातात नाही.

इथे हजार ऑडिटर पाठवून उपयोग नाही. ऑडिटर आला की मुलं उसाच्या आड जातील, एवढंच होईल. इथे मूल कामाला येतं ते मजुरीच्या पद्धतीमुळे. आणि पद्धत बदलायची तर साखर विकत घेणाऱ्यापासून सुरुवात करावी लागते. मुलं गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहं आहेत. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ आहे, त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचं ठरलं आहे. हा पाया सरकारने घातला आहे. पण जी कंपनी हजारो टन साखर उचलते, तिने कारखान्याला एवढंच सांगितलं तर? 'तोडणी मजुराची लेखी नोंद ठेवा, उचलीचा हिशोब त्याच्या हातात द्या, आजारी बाईचा खाडा कापू नका, मुलांच्या वसतिगृहाचा वाटा आम्ही साखरेच्या भावात धरतो.' भावात धरतो, हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्याशिवाय बाकीची वाक्यं म्हणजे फक्त उपदेश.

भावाची ही गोष्ट मला कपड्याच्या कारखान्यातही कळली होती, फक्त उशिरा. त्या मुलीच्या कारखान्यात काम शेडमध्ये का जात होतं, हे मी नंतर शोधलं. ब्रँडने माल निघायच्या दोन आठवडे आधी रंग बदलला होता, तारीख मात्र बदलली नव्हती. उशीर झाला तर दंड. मग कारखान्याने रात्री माल गल्लीत पाठवला. म्हणजे ब्रँडच्या एका मजल्यावर बसून एक माणूस लिहीत होता, 'बालमजुरी चालणार नाही', आणि दुसऱ्या मजल्यावर बसून दुसरा माणूस अशी तारीख देत होता की मूल लागावंच. मी पहिल्या मजल्यावरच्या माणसासाठी काम करत होते. दुसऱ्याचं ऑडिट कोणी करत नव्हतं.

२०१३ मध्ये ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली, ११०० हून अधिक कामगार गेले. त्या इमारतीतल्या काही कारखान्यांचं सोशल ऑडिट झालेलं होतं. त्यानंतर ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात जो करार झाला, त्यात ब्रँडवर कायदेशीर बंधन आलं. इमारती दुरुस्त करणं कारखान्याला परवडेल, याची सोय ब्रँडने बघायची. दोन वर्षं तिथली खरेदी चालू ठेवायची. तिथे इमारती बदलल्या त्या नुसत्या तपासणीने बदलल्या नाहीत. पैसा आणि मुक्काम दोन्ही लागले.

आता तुमच्यातले बरेच जण कंपन्यांत काम करतात. कोणी खरेदी विभागात, कोणी एचआरमध्ये, कोणी अकाउंट्समध्ये. जगातले कायदे बदलत आहेत. फ्रान्सने २०१७ मध्ये कायदा केला, जर्मनीचा २०२३ पासून लागू झाला. मोठ्या कंपन्यांना आता साखळीतल्या मानवी हक्कांची जबाबदारी घ्यावी लागते. आपल्याकडे सेबीच्या नियमाने आघाडीच्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना दरवर्षी अहवालात यावर लिहावं लागतं. म्हणजे तुमच्या टेबलावर हा फॉर्म येणार आहे, कदाचित आलाही असेल. तो भरताना चार प्रश्न विचारा.

आपल्या पुरवठादाराचा पुरवठादार कोण, हे आपल्याला नावानिशी माहीत आहे का? आपण देतो त्या भावात आणि त्या तारखेत, मोठ्या माणसांकडून कायदेशीर मजुरीत हे काम होऊ शकतं का? मूल सापडलं तर त्याच्या शाळेचा आणि घरच्या बुडालेल्या मजुरीचा खर्च आपण कुठल्या हेडखाली टाकणार, आणि किती वर्षं? आणि तक्रार करायची असेल तर त्या शेडमधल्या, त्या कोपीतल्या बाईला आपल्यापर्यंत पोहोचायचा रस्ता आहे का, तिच्या भाषेत?

चारांतल्या एकाचं जरी उत्तर 'नाही' आलं, तरी 'होय' लिहू नका. 'नाही' लिहा. मी एका 'होय'वर सही केली होती, म्हणून सांगते.

त्या मुलीला मी नंतर शोधलं. शेड बंद झाली होती. कुटुंब दुसरीकडे गेलं होतं. ती आज पंचविशीच्या पुढे असेल. तिने विचारलं होतं, "अक्का, मी नीट सांगितलं ना?" तिने अगदी नीट सांगितलं होतं. आपल्याला काहीतरी मदत होईल, असं तिला वाटलं असेल.

आता मी ऑडिट करत नाही. नव्या ऑडिटर मुलामुलींना शिकवते. त्यांच्या फॉर्ममध्ये मी एक रकाना वाढवला आहे. 'त्रुटी दूर झाली का?' याच्या खाली. त्यात लिहिलंय, 'ते मूल आज कुठे आहे?' हा रकाना रिकामा असेल, तर फाइल बंद होत नाही.